दोन अंशांच्या पाण्यात, कोरड्या अंगाने

पाण्यात उतरायचे, अर्धा तास पाण्याखाली राहायचे आणि बाहेर आल्यावर अंगातला लोकरी मोजासुद्धा कोरडा असायचा, असे कुणी सांगितले तर आपण त्याला हसू. मीही हसले होते. कोपनहेगनला राहणारी माझी धाकटी मावसबहीण गेली काही वर्षे तिकडच्या थंड समुद्रात डायव्हिंग करते. एकदा फोनवर ती म्हणाली, ‘‘ताई, आइसलँडला चल. दोन अंशांच्या पाण्यात नेते तुला. अंगाला थेंब लागणार नाही.’’

मी अंदमानला स्कूबा डायव्हिंग शिकले. त्यानंतर मालवण-तारकर्लीलाही दोनदा पाण्याखाली जाऊन आले. आपल्याकडे या छंदाला कपड्यांचा फारसा व्याप नसतो. पाणी सत्तावीस-अठ्ठावीस अंश, अंगात पातळसा रबरी सूट आणि तोही बहुधा खडकाने खरचटू नये म्हणून. त्यामुळे डायव्हिंगमध्ये कठीण काही असेल तर ते पाण्याखाली श्वास घेणे, असा माझा समज होता. थंड पाण्यात खरी परीक्षा किनाऱ्यावरच, कपडे घालताना सुरू होते, हे मला आइसलँडने शिकवले.

धुराच्या उपसागराकाठी

भारतातून आइसलँडला थेट विमान नाही. युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलावे लागते. जून महिन्यात आम्ही दोघी राजधानी रेक्याविकला पोहोचलो तेव्हा रात्रीचे अकरा वाजले होते आणि बाहेर लख्ख उजेड होता. रेक्याविक या नावाचा अर्थ धुराचा उपसागर. जमिनीतून निघणाऱ्या वाफा पाहून जुन्या वसाहतवाल्यांनी हे नाव दिले, असे सांगतात. सारा देश मिळून लोकसंख्या चार लाखांच्या आत, म्हणजे आपल्या एखाद्या मध्यम शहराएवढी. घरे गरम ठेवायला आणि पोहण्याचे तलाव तापवायला जमिनीखालचे गरम पाणीच वापरतात. बाहेर बोचरा वारा आणि उघड्यावरच्या तलावात कढत पाण्यात गळ्यापर्यंत बुडून गप्पा मारणारी आजोबा मंडळी, हे दृश्य तिथे रोजचेच आहे.

आम्हाला मात्र जायचे होते या देशातल्या गार पाण्याकडे. रेक्याविकपासून पन्नासेक किलोमीटरवर थिंगवेट्लिर नावाचे राष्ट्रीय उद्यान आहे. ‘थिंग’ म्हणजे सभा आणि ‘वेट्लिर’ म्हणजे मैदाने. इ. स. ९३० मध्ये इथल्या उघड्या माळावर आइसलँडच्या लोकांनी आपली पहिली लोकसभा, ‘अल्थिंग’, भरवली आणि पुढे १७९८ पर्यंत ती इथेच भरत राहिली. १७ जून १९४४ रोजी आइसलँड प्रजासत्ताक झाल्याची घोषणाही इथेच झाली. २००४ पासून हे स्थळ युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

भूगोलाच्या पुस्तकातली एक गोष्ट इथे डोळ्यांनी दिसते. उत्तर अमेरिका आणि युरेशिया हे पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे या भागात एकमेकांपासून दूर सरकत आहेत, वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर या वेगाने. त्या ताणाने जमिनीला भेगा पडल्या आहेत. त्यांतलीच एक भेग म्हणजे सिल्फ्रा. ती पाण्याने भरलेली आहे. लांगयोकुल नावाच्या हिमनदीचे वितळलेले पाणी लाव्हाच्या सच्छिद्र खडकातून गाळत गाळत इथवर येते. या प्रवासाला तीस ते शंभर वर्षे लागतात, असे जाणकार मानतात. त्यामुळे ते इतके नितळ असते की पाण्याखाली शंभर मीटरपर्यंतचे दिसते. आणि बारा महिने त्याचे तापमान दोन ते चार अंशांच्या दरम्यान असते. उन्हाळ्यात फार तापत नाही आणि वाहते असल्याने हिवाळ्यात गोठतही नाही.

निघताना माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने बजावले होते, ‘‘आई, दोन्ही हात पसरून दोन खंडांना एकदम हात लाव. आणि फोटो काढून आण. वर्गात दाखवायचाय.’’ शास्त्रीयदृष्ट्या दोन कवचांमधली सीमा म्हणजे एक रेघ नव्हे. तो कित्येक किलोमीटर रुंदीचा पट्टा आहे आणि सिल्फ्रा ही त्यातली एक भेग. पण हे नऊ वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? मी फोटो कबूल करून बसले होते.

ओला सूट आणि कोरडा सूट

पाणी हवेच्या तुलनेत सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातली उष्णता खेचून घेते. दोन अंशांच्या हवेत शाल लपेटून आपण चहा पिऊ शकू. पण दोन अंशांच्या पाण्यात उघड्या अंगाने काही मिनिटांतच हातपाय ऐकेनासे होतात. म्हणून अंगाभोवती काहीतरी कवच हवे.

या कवचाचे दोन मुख्य प्रकार. पहिला वेट सूट, म्हणजे ओला सूट. तो निओप्रीन नावाच्या फेसाळ रबराचा असतो. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठातले पदार्थविज्ञानाचे संशोधक ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला याची कल्पना मांडली. पाणी आत शिरले तरी चालेल, रबरात अडकलेले वायूचे बारीक बुडबुडे ऊब टिकवतील, हे त्यामागचे सूत्र. आत शिरलेले थोडे पाणी अंगाच्या उबेने कोमट होते आणि तिथेच राहते. त्यासाठी सूट मात्र कातडीसारखा घट्ट हवा. बहीण सांगत होती, तिच्या क्लबात सात मिलिमीटर जाडीचा सूट चढवताना लोक पायात आधी भाजीची प्लॅस्टिकची पिशवी घालतात, म्हणजे रबर पायावरून सरकते. मग पिशवी काढून दुसऱ्या पायात! या सूटची एक अडचण आहे. जसजसे खोल जावे तसतसे दाबाने ते बुडबुडे चेपतात, रबर पातळ होते आणि नेमकी जिथे ऊब जास्त हवी तिथे ती कमी पडते.

दुसरा प्रकार ड्राय सूट, म्हणजे कोरडा सूट. पावलापासून गळ्यापर्यंत एकसंध. पाणी आत येऊ नये म्हणून मनगटाला आणि गळ्याला रबराच्या घट्ट पट्ट्या, ज्यांना सील म्हणतात, आणि पाणी व हवा दोन्ही अडवणारी झिप. हा सूट स्वतः ऊब देतोच असे नाही. ऊब देतात आत घातलेले कपडे आणि त्यात अडकलेली हवा, आपल्या रजईत असते तशीच. सिल्फ्रात ड्राय सूटशिवाय कुणालाही डायव्हिंगसाठी सोडत नाहीत. एवढेच नव्हे, तर ड्राय सूट वापरण्याचे स्वतंत्र प्रमाणपत्र किंवा अशा सूटमधल्या किमान दहा डाइव्हची सहीनिशी नोंद दाखवावी लागते. इथे काही दुर्दैवी मृत्यू झाल्यानंतर २०१७ मध्ये नियम अधिक कडक झाले. अठरा मीटरपेक्षा खोल जायचे नाही, हाही त्यांतलाच एक.

माझ्याकडे प्रमाणपत्र नव्हते. म्हणून आधी दोन दिवसांचे शिक्षण घ्यायचे ठरले, पहिल्यांदा पोहण्याच्या तलावात आणि मग एका सरोवरात.

कासाराची आठवण

आमची प्रशिक्षिका मूळची पोलंडची, माझ्याच वयाची, बोलायला मोजकी. तिने आधी माझ्याकडे नीट निरखून पाहिले आणि एकेक वस्तू उतरवायला सांगितली. घड्याळ, अंगठी, कानातले. गळ्यातल्या मंगळसूत्राकडे बोट दाखवून ती म्हणाली, ‘‘हे सीलखाली आले तर पाणी येईल आणि रबरही फाटेल.’’ मी ते काढून पर्समध्ये ठेवले. मग तिने माझ्या वेणीचा वास घेतला! सवयीने मी सकाळी खोबरेल लावले होते. लेटेक्स रबराचा तेल हा शत्रू आहे. तेल लागले की रबर मऊ पडते, चिकट होते आणि फाटते. मला आधी केस आणि मान साबणाने धुवून यावे लागले. सुगंधी पावडरही चालत नाही. सील सरकावा म्हणून बिनवासाची शुद्ध टाल्कम पावडर तेवढी वापरतात.

आतून एक पातळ थर्मल, त्यावर बाळाच्या झबल्यासारखा पायापासून गळ्यापर्यंतचा जाड केसाळ अंगरखा आणि दोन जोड लोकरी मोजे. मग सूटमध्ये पाय. इथवर ठीक होते. पण मनगटाच्या सीलमधून हात काही बाहेर येईना. मी जोर लावायला गेले तर प्रशिक्षिका ओरडली, ‘‘ओढू नकोस, फाटेल!’’ तिने माझा अंगठा तळव्यात दुमडला, चारही बोटे जुळवून निमुळती केली आणि हात अलगद आत सरकवला. मला एकदम आमच्या गावच्या कासाराची आठवण झाली. लग्नाच्या आदल्या दिवशी हिरवा चुडा भरताना त्याने माझा हात अगदी असाच दाबून धरला होता!

गळ्याचा सील डोक्यावरून घालायचा. दोन्ही हातांनी तो ताणायचा, हनुवटी खाली घ्यायची आणि एका दमात डोके बाहेर काढायचे. त्या दोन क्षणांत चेहऱ्यावर रबर ताणलेले असते, नाक चेपते, डोळ्यांसमोर अंधार येतो. बाहेर आल्यावर गळ्याभोवती कुणी हात आवळल्यासारखे वाटते. सीलखाली एक केस जरी अडकला तरी त्याच्या कडेने पाणी आत शिरते. म्हणून बहिणीने माझ्या मानेभोवती बोट फिरवून एकेक केस वर ओढून काढला. शेवटी पाठीवरची झिप. ती स्वतःची स्वतःला लावता येत नाही. दुसऱ्यानेच लावायची आणि शेवटच्या दातापर्यंत लागली ना, हे तिसऱ्याने पाहायचे. आतल्या कपड्याचा एक धागा जरी तिच्यात अडकला तरी सारा खटाटोप पाण्यात.

डोक्यात निओप्रीनची टोपी, आपली माकडटोपीच म्हणा ना! हातांत जाड रबरी मोजे. टोपी आणि हातमोजे मात्र ओल्या प्रकारातले होते. तेवढे भाग भिजणार, हे गृहीतच धरायचे.

सोसायचे काय आणि सांगायचे काय

गरम पाण्याच्या तलावात हा सारा जामानिमा करून उतरल्यावर मी घामाने निथळले. आणि त्याबरोबर एक भीती मनात उतरली. गळ्याचा सील फारच आवळत होता. मान वळवली की डोके हलके होई. मी काही बोलले नाही. ‘थोडे सोसावे, सवय होईल,’ हेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. नवी चप्पल चावते, नवा चष्मा खुपतो, काही दिवस सोसायचे. पण प्रशिक्षिकेने माझा चेहरा पाहून विचारले, ‘‘घट्ट वाटते की चक्कर येते?’’ मी कबूल केले, चक्कर येते. तिने मला लगेच पाण्याबाहेर काढले.

गळ्याच्या दोन्ही बाजूंना मेंदूकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आहेत. तिथे एक जागा अशी आहे की तिच्यावर दाब पडला तर शरीराला वाटते, रक्तदाब वाढला. मग हृदय आपली गती कमी करते आणि माणसाला भोवळ येते. किनाऱ्यावर भोवळ आली तर माणूस बसतो. पाण्याखाली आली तर? प्रशिक्षिकेने मला मोठ्या गळ्याचा दुसरा सूट दिला आणि एक वाक्य सांगितले. ते मी वहीत लिहून ठेवले आहे: ‘‘घट्टपणा सोस. चक्कर, सुन्नपणा आणि ओल सोसू नकोस, सांग.’’

नंतर तिने सूट ‘चालवायला’ शिकवला. होय, हा सूट चालवावा लागतो. खाली जाताना पाण्याचा दाब वाढतो. दहा मीटरवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि सूटमधली हवा निम्म्या जागेत चेपते. सूट अंगाला चिकटतो, त्याच्या घड्या कातडीला चिमटे काढू लागतात. तेव्हा छातीवरचे बटण दाबून सिलिंडरमधली थोडी हवा सूटमध्ये सोडायची. वर येताना नेमके उलटे. हवा फुगते आणि ती वेळेवर सोडली नाही तर माणूस फुग्यासारखा वर फेकला जातो, जे फुप्फुसांना अतिशय धोक्याचे. म्हणून डाव्या दंडावर एक झडप असते. कोपर उंच केले की हवा तिच्यातून निघून जाते.

सगळ्यांत गमतीची आणि धोक्याचीही गोष्ट म्हणजे हवा नेहमी उंच जागी धावते. पाय वर झाले तर हवा पायांत शिरते, पाय फुगतात आणि माणूस उलटा टांगला जातो. मी दोनदा तशी टांगली गेले. गुडघे पोटाशी घेऊन कोलांटी मारायची आणि सरळ व्हायचे, हा त्यावरचा उपाय. तलावात शेजारच्या रांगेत पोहणाऱ्या एका आजीबाई थांबून माझी ती कोलांटी पाहत होत्या!

सूटमधल्या हवेमुळे माणूस पाण्यावर तरंगतो. तो बुडावा म्हणून शिसे बांधावे लागते. माझ्या वाट्याला कमरेला आणि खिशांत मिळून बारा किलो आले. पाठीवर सिलिंडर वेगळा. पाण्यात या साऱ्याचे वजन जाणवत नाही. पण पाण्यापर्यंत चालत जावे लागते ना!

नितळाईच्या आत

तिसऱ्या दिवशी सिल्फ्रा. आकाश ढगाळ होते, वारा सुईसारखा टोचत होता. गाड्या थांबतात तिथे, उघड्यावरच सारे कपडे चढवायचे. प्रशिक्षिकेची सूचना होती की सूटची झिप सगळ्यांत शेवटी लावा. कारण जमिनीवर त्या कपड्यांत घाम येतो, आतला अंगरखा ओलसर होतो आणि तीच ओल पाण्याखाली गारठा बनते. आणखी एक सूचना सगळ्या बायकांसाठी महत्त्वाची. स्वच्छतागृहात आधीच जाऊन यायचे. पण म्हणून पाणी प्यायचे टाळायचे नाही, कारण शरीरात पाणी कमी असणे डायव्हिंगमध्ये घातक असते.

काही मिनिटांची ती चाल मला पर्वतीच्या पायऱ्यांसारखी वाटली. मग लोखंडी जिना उतरून आम्ही पाण्यात शिरलो. पाणी सूटवर दाबले गेले, पण अंगाला काही लागले नाही. लागले ते फक्त ओठांना आणि गालांना. मिनिटभर दातांत कळ उठली, मग ओठ बधिर झाले. तोंडातली नळी आपण धरली आहे की नाही, हे ओठांना कळत नाही. दातांवर विश्वास ठेवावा लागतो. इतक्या थंड पाण्यात श्वासाचे यंत्र गोठून त्यातून हवा सारखी वाहू लागण्याचा धोका असतो. म्हणून थंड पाण्यासाठी बनवलेलीच यंत्रे वापरतात आणि पाण्यात जाण्याआधी बाहेरच्या हवेत त्यातून उगाच श्वास घेत बसायचे नाही, असे बजावतात.

मी डोके पाण्याखाली घातले आणि आधीचा सारा त्रास विसरले. पाणी आहे, हेच कळत नव्हते. दोन्ही बाजूंना काळेकभिन्न कडे, खाली निळाई आणि मी हवेत तरंगते आहे असा भास. उथळ जागी दगडांवर पोपटी रंगाचे केसांसारखे शेवाळ डोलत होते. तिथले लोक त्याला राक्षसाचे केस म्हणतात. भेगेच्या या लांब-रुंद भागांना नावे दिली आहेत. त्यांतल्या ‘कॅथीड्रल’मध्ये शिरलो तेव्हा पलीकडचे टोक, सुमारे शंभर मीटर लांबचे, स्वच्छ दिसत होते. वर पाहिले तर पृष्ठभागावर पोहणारी माणसे आभाळात अडकलेल्या पतंगांसारखी. एका अरुंद जागी मी दोन्ही हात पसरले आणि दोन्हीकडच्या खडकांना बोटे टेकली. फोटो दुसऱ्या डाइव्हमध्ये काढू, असे आधीच ठरले होते. पुढे भेग उथळ सरोवरासारखी पसरते, तिथे आम्ही बाहेर आलो. बहिणीने तोंडातली नळी काढून ते पाणी घोटभर प्यायले. मीही प्यायले. इतके गोड, इतके गार पाणी मी आयुष्यात प्यायले नव्हते.

उजवे मनगट

दोन डाइव्हच्या मध्ये गरम चॉकलेट आणि बिस्किटे मिळाली. हातमोजे काढून मी कप धरला, बाही थोडी वर केली, गप्पा झाल्या. पुन्हा तयार होताना घाई झाली. उजव्या मनगटाकडे मी नीट पाहिले नाही.

दुसऱ्यांदा पाण्यात उतरून जेमतेम पाच मिनिटे झाली असतील. मनगटावरून कोपराकडे बर्फाची सळई सरकावी तसे वाटले. आतल्या थर्मलच्या बाहीची कड सीलखाली अडकली होती आणि वातीतून तेल चढावे तसे त्या कापडातून पाणी वर चढत होते. आधी वाटले, थोडेसेच तर आहे. फोटो जेमतेम दहा मिनिटांवर होता. कॅमेरा प्रशिक्षिकेच्या हातात होता. आणि मुख्य म्हणजे, पाण्याखाली नियम असा की एक वर आला की सगळ्यांनी वर यायचे. बहिणीने सुट्टी काढली होती, पैसे भरले होते. माझ्या एका बाहीसाठी तिची डाइव्ह मोडायची? मी आणखी थोडी पुढे गेले. सूटमध्ये हवा सोडायला उजव्या हाताने छातीवरचे बटण दाबायला गेले, तर बोट बटणावर आहे की बाजूला, हेच कळेना. डोळ्यांनी पाहून दाबावे लागले.

तेव्हा ते वहीतले वाक्य आठवले. सुन्नपणा आणि ओल सोसायची नाही, सांगायची. मी प्रशिक्षिकेपुढे जाऊन तळहात आडवा धरून हलवला. पाण्याखालच्या भाषेत याचा अर्थ, काहीतरी बिघडले आहे. मग मनगट दाखवले. तिने क्षणाचाही विचार न करता अंगठा वर केला. डायव्हिंगमध्ये उंचावलेला अंगठा म्हणजे शाबासकी नसते. ‘डाइव्ह संपली, वर चला,’ असा तो हुकूम असतो. एरवी इथे प्रवाहाच्या दिशेनेच पुढे जायचे असते, पण प्रवाह मंद होता आणि आम्ही जिन्यापासून फार दूर गेलो नव्हतो. आम्ही तिघी मागे फिरलो.

किनाऱ्यावर सूट उतरवला तेव्हा उजवी बाही दंडापर्यंत ओली होती. बोटे पांढरीफटक पडली होती आणि थर्मलचे बटण मला काढता येईना. ते बहिणीने काढले. मी तिला म्हणाले, ‘‘माझ्यामुळे तुझी डाइव्ह गेली गं.’’ ती माझे हात आपल्या काखेत धरून उभी होती. म्हणाली, ‘‘ताई, पहिल्या वर्षी मी अशीच गप्प बसले होते. डावा पाय पूर्ण भिजला होता. वर येताना हवा सोडायचं भान राहिलं नाही, सरळ उसळून वर आले. नशीब, पाणी उथळ होतं. घरी कुणाला सांगितलं नाही.’’ मावशीला हे आजही ठाऊक नाही. हा लेख वाचून कळेल.

बोटांत रक्त परत येताना ज्या कळा आल्या, त्या मात्र खरोखर सोसण्याच्याच होत्या.

संध्याकाळी मुलीला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, ‘‘हात लावलास?’’

‘‘लावला.’’

‘‘फोटो?’’

फोटो नाही, असे सांगून मी तिला सारी हकीकत सांगितली. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘‘बोटांना काहीच कळत नव्हतं? मग बरं केलंस आलीस ते. मी वर्गात चित्र काढून दाखवीन.’’ तिने काढलेल्या चित्रात दोन डोंगरांच्या मधे एक जाडजूड बाई हात पसरून उभी आहे. मंगळसूत्र तिने आठवणीने काढलेले नाही!

जाण्याआधी एवढे लक्षात ठेवा

• ड्राय सूटचे शिक्षण आधी घ्या. ते नसेल तर निराश होऊ नका. सिल्फ्रात पृष्ठभागावर पोहत स्नॉर्कलिंगही करता येते आणि पाणी नितळ असल्याने वरूनही सारे दिसते. मात्र पोहता येणे आवश्यक आहे.

• चष्मा मास्कखाली घालता येत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स किंवा नंबरच्या काचांचा मास्क यांची सोय आधी करा.

• आत सुती कपडे नकोत. सूत घाम धरून ठेवते आणि गारठवते. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे थर्मल चांगले.

• तेल, क्रीम आणि सुगंधी पावडर त्या दिवशी वर्ज्य. लांब केस मानेवर येणार नाहीत असे बांधा, नखे कापा. लांब नखाने सील फाटतो.

• प्रत्येक वेळी पाण्यात जाण्याआधी दोन्ही मनगटे आणि गळा यांवरून बोट फिरवा. कापड किंवा केस अडकलेला नाही ना, हे दुसऱ्याकडूनही तपासून घ्या.

• हृदयाचा, फुप्फुसांचा वा दम्याचा त्रास असल्यास डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याशिवाय पाण्यात उतरू नका.

• डायव्हिंगनंतर चोवीस तास विमानप्रवास टाळा. परतीचे तिकीट त्या हिशेबाने काढा.